चर्चची किल्ली आणि कॉर्नफ्लेक्सचा चिवडा

ऑक्टोबरच्या हाफ-टर्ममध्ये, म्हणजे शाळांच्या आठवडाभराच्या सुट्टीत, मी दरवर्षी बागेत दिवाळीचा किल्ला करतो. मुलांसाठी करतो, असं म्हणायची पद्धत आहे. मुलं पहिला अर्धा तास असतात, मग त्यांची बोटं गारठतात आणि ती आत जातात. उरतो मी, वय सत्तेचाळीस, इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळणारा माणूस, गुडघ्यांखाली बायकोची योगा मॅट घेऊन चिखल थापत. इथल्या गार्डन सेंटरमध्ये माती म्हणून जे मिळतं त्यात माती कमी आणि सालींचा भुगा जास्त. त्याचा बुरूज उभा राहत नाही, बसतो. मावळे पुण्याहून आणलेले आहेत. त्यातल्या एकाचा हात मोडलाय, त्याला मी जखमी म्हणून पायथ्याशी ठेवतो. अळीव पेरायला दरवर्षी उशीर होतो, मग सुपरमार्केटमधून उगवलेल्या क्रेसचा, म्हणजे तयार अळीवाचाच, डबा आणून तटाखाली खोचतो. हे बायकोला ठाऊक आहे, मुलांना नाही.

गेल्या वर्षी किल्ला जवळजवळ झाला होता. महाराज सिंहासनावर बसवले, दरवाज्यापाशी मारुतीचं देऊळ ठेवलं आणि मी दोन पावलं मागे सरून स्वतःच्याच कामाकडे कौतुकानं बघत होतो. तेवढ्यात कुंपणावर काळा रुमाल बांधलेलं एक डोकं उगवलं, आणि डोक्याशेजारी एक बोट.

“पाणी कुठे?” बोट किल्ल्याकडे रोखून डोकं म्हणालं. “पाणी नाही. तीन दिवस. मग सगळे मेले.”

मी सह्याद्रीतले साठ-सत्तर किल्ले चढलेला माणूस आहे. गडावर आलेल्या पाहुण्यांना न विचारता माहिती सांगणे हा माझा स्वभाव आहे आणि त्यावरून बायकोनं मला अनेकदा एकट्याला गडावर सोडून दिलेलं आहे. अशा माणसाला कुंपणापलीकडे उपड्या बादलीवर उभी राहून एक बाई तटबंदी शिकवत होती. आणि वाईट म्हणजे तिचं बरोबर होतं. मी टाकं खणायचं विसरलो होतो.

या बाई म्हणजे शेजारणीची आई. शेजारीण जॉर्जियाची, माझ्यासारखीच आयटीतली. तिचा नवरा निम्मा आठवडा एडिनबराला कामाला असतो. बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा, जूनमध्ये, तिनं आईला बोलावून घेतलं. सप्टेंबरमध्ये तिची मॅटर्निटी लीव्ह संपली आणि बाळ पूर्णपणे आजीच्या ताब्यात गेलं. त्यांच्या भाषेत आजीला बेबिया म्हणतात, म्हणून आमच्या रस्त्यावरचे सगळेच त्यांना बेबिया म्हणायला लागले. व्हिसा सहा महिन्यांचा, परतीचं तिकीट डिसेंबरचं.

बेबिया आल्या ते फुटबॉलचे दिवस होते. घराघरांच्या खिडक्यांतून पांढऱ्यावर लाल क्रॉसचे झेंडे लटकत होते. तो क्रॉस घोड्यावर बसून अजगराला भाल्यानं मारणाऱ्या संताचा. इंग्लंडचा तोच संत, जॉर्जियाचाही तोच, आणि बेबियांच्या गावातलं चर्चही त्याचंच. त्यांना वाटलं हे सगळं त्यांच्या स्वागतासाठी आहे. एअरपोर्टपासून घरापर्यंत त्या प्रत्येक झेंड्याला छातीवर क्रॉस करत आल्या आणि शेवटी त्यांचा हात दुखायला लागला, असं त्यांच्या मुलीनं आम्हाला सांगितलं. इंग्लंड हरल्यावर झेंडे एका रात्रीत उतरले तेव्हा बेबियांनी सगळ्या ब्रॅकनेलबद्दल जे मत बनवलं ते शेवटपर्यंत बदललं नाही.

त्यांचं इंग्रजी चाळीसेक शब्दांचं होतं आणि त्यात क्रियापदं जवळजवळ नव्हती. गुंतागुंतीच्या भागाला मुलगी दुभाषी म्हणून यायची. मी इथं सगळं सरळ मराठीत देतोय.

टाकं खणून झाल्यावर त्यांनी दुसरं बोट ठेवलं ते मारुतीवर. “देव दारात?”

“राखण करतो,” मी म्हणालो.

“आमचाही राखण करतो. घोडा आहे, भाला आहे. पण आम्ही त्याला मधोमध ठेवतो, चारी बाजूंनी भिंत. बाहेर ठेवला की चोरतात.” मग थोडा विचार करून, “तुमचा पळून येईल परत. दणकट दिसतो.”

त्या आठवड्यात रोज सकाळी बाळ प्रॅममध्ये झोपलं की बेबिया बादलीवर चढायच्या आणि मला त्यांच्या गावाचा इतिहास सांगायच्या. गाव पूर्वेकडे, द्राक्षांच्या मळ्यांमध्ये. टेकडीवर चर्च, चर्चभोवती तट, तटाला एक बुरूज आणि पश्चिमेला लोखंडी पत्रा ठोकलेलं एकच दार. शत्रू आला की घंटा वाजायची आणि सगळं गाव कोंबड्या-बकऱ्यांसकट आत. माझ्या मनात आपोआप तुलना सुरू व्हायची, हे राजगडासारखं, हे जंजिऱ्यासारखं. एकदा मी तसं मोठ्यानं बोललोही. बेबिया म्हणाल्या, “तुमचं नंतरचं.”

एकदा इराणच्या शहाची फौज आली. गाव आत जाऊन बसलं. तटाच्या आत एकच विहीर, ती आठवड्यात आटली. पण चर्चच्या अंगणात जमिनीत पुरलेले वाइनचे मोठाले रांजण होते. मग लहानथोर सगळे वाइनवर. जखमा वाइननं धुवायच्या, कणीक वाइनमध्ये मळायची. पंधरवड्यानंतर शहाचे लोक गाव शरण येण्याची वाट बघत होते, तर गावच दार उघडून त्यांच्यावर धावून गेलं. म्हाताऱ्या पाद्रीबुवांनी एका हातात क्रूस आणि दुसऱ्या हातात बंदूक घेतली होती. दोन्ही त्यांच्या थडग्यावर कोरलेले आहेत. फौज पळाली.

“शूर होते,” मी म्हणालो.

“प्यालेले होते,” बेबिया म्हणाल्या. “पण थडग्यावर तसं लिहीत नाहीत.”

खरी गोष्ट याच्या पुढे होती. पुरुष बाहेर पडले तेव्हा बेबियांच्या कुठल्यातरी खापरपणजीनं आतून दार लावून कुलूप घातलं. जिंकलेले लोक परत आले, दार ठोठावायला लागले. रात्र पडलेली, आणि बाहेर आपले आहेत की शत्रू, कळायला मार्ग नाही. तिनं हुकूम सोडला की एकेकानं संताची प्रार्थना म्हणावी, मगच दार उघडेन. एकेक जण म्हणत आत आला. तिच्या नवऱ्याला मात्र इतकी चढली होती की प्रार्थना आठवेना. “अगं मी आहे!” तो ओरडत होता. तिनं आवाज ओळखला आणि उघडलं नाही. नियम म्हणजे नियम. नवरा रात्रभर भिंतीला टेकून बसला आणि सकाळी शुद्धीवर आल्यावर सगळी प्रार्थना म्हणून आत आला. त्या दिवशी गावानं ठरवलं की किल्ली याच घरातल्या बाईकडे राहील, कारण ती कुणाचंही ऐकत नाही.

ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा बायको इतकी हसली की तिला खुर्ची लागली. पुढे आठवडाभर मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवून परत आलो की ती दाराआडून विचारायची, “अथर्वशीर्ष येतं का?”

त्यानंतर डोंगरापलीकडचे लुटारू आले, ते संताची चांदीची मूर्ती घेऊन गेले आणि पुढे परतही देऊन गेले, कारण त्यांची मेंढरं मरायला लागली. मग रशियाच्या झारचे अधिकारी आले आणि त्यांनी भिंतींवरच्या जुन्या चित्रांना स्वच्छतेसाठी पांढरा चुना फासला. शहा, लुटारू यांच्याबद्दल बेबिया तशा मोकळेपणानं बोलायच्या. चुन्याचं नाव निघालं की त्यांचा आवाज चिरका व्हायचा.

“मग आता किल्ली कुणाकडे आहे?” मी विचारलं.

बेबियांनी इकडे तिकडे बघितलं. मग एप्रनच्या खिशातून एका फडक्यात बांधलेली वीतभर लांबीची काळी लोखंडी किल्ली काढली आणि कुंपणावर धरली.

मी बघतच राहिलो. शहाच्या फौजेला जी मिळाली नाही, झारला जी मिळाली नाही, ती किल्ली ब्रॅकनेलमध्ये होती. बेबिया म्हणाल्या, काय करणार? गाव सोडताना किल्ली घरातल्या दुसऱ्या बाईला द्यायची असते. घरात दुसरी बाई नाही. दुसरी बाई इथं, लॅपटॉपवर. म्हणून सोबत घेतली. पण नोव्हेंबरच्या शेवटी संताचा सण, त्या दिवशी हे दार उघडावंच लागतं, आणि गावाहून रोज फोन येतात.

फोन यायचे ते खरंच होतं. बेबिया ते बागेत येऊन घ्यायच्या. भाषा कळत नसली तरी पलीकडून कुणीतरी काहीतरी परत परत विचारतंय आणि या उत्तर टाळतायत, हे कुंपणाअलीकडे कळायचं. फोन झाला की मला म्हणायच्या, “किल्ली, किल्ली, किल्ली.”

मी त्यांच्या मुलीशी बोललो. ती लहानपणापासून शहरात हॉस्टेलवर वाढलेली; किल्लीची गोष्ट तिला नुकतीच कळली होती आणि ती कपाळावर हात मारून बसली होती. “आईचं म्हणणं, मी घेऊन जाते,” ती म्हणाली. “सणाआधी. पण मला बाळासाठी नर्सरीत, म्हणजे पाळणाघरात, जागा जानेवारीशिवाय मिळत नाही. आणि तिथं आता थंडी सुरू होईल, तिचे गुडघे असे. एकटी कशी राहील? मी तर वकिलाला विचारतेय, तिला जास्त दिवस ठेवता येईल का म्हणून. किल्ली कुरिअर करू म्हटलं, तर म्हणते ती एका हातातून दुसऱ्या हातातच गेली पाहिजे.”

हे ऐकलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. हातातून हातात! अहो, आम्ही दुसरं काय करतो? या देशातल्या मराठी माणसानं पोस्टाचं तिकीट शेवटचं कधी विकत घेतलं असेल? चष्मे, गोडा मसाला, बीपीच्या गोळ्या, लग्नाच्या पत्रिका, एकदा तर एकाची दाताची कवळी, सगळं ‘कोणी जातंय का’ या एका प्रश्नावर जगभर फिरतं. जाणाऱ्याच्या बॅगेत स्वतःचे कपडे किती असतात हा संशोधनाचा विषय आहे. मी तिथल्या तिथे इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: “कोणी जॉर्जियाला जातंय का?”

चौघांनी अटलांटामधल्या नातेवाइकांचे फोन नंबर पाठवले. अमेरिकेतलं नव्हे, तिकडचं, असं समजावल्यावर रेडिंगचे एक गृहस्थ निघाले. त्यांचं दर महिन्याला तिथल्या राजधानीत, तिब्लिसीला, काम असतं, आणि ते दर महिन्याला तिथल्या एका बाईंसाठी कुकरच्या रिंगा घेऊन जातात. या बाई मूळच्या लातूरच्या. तिब्लिसीत आपली शेकडो मुलं डॉक्टरकी शिकतात, त्यांच्यासाठी बाईंनी खाणावळ काढलीय. फोनवर म्हणाल्या, “द्या पाठवून दादा. माझी व्हॅन हाय, मी सोता नेऊन देते. देवाची किल्ली म्हटल्यावर पोरांच्या हाती कशाला?”

दहा मिनिटांत काम झालं. मी विजयी मुद्रेनं शेजारी गेलो. मुलीच्या डोळ्यांत पाणीच आलं. बेबिया बाळाचा मोजा पुन्हा पुन्हा नीट करत राहिल्या, मग आत गेल्या आणि किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. मी ती कृतज्ञता समजलो.

“नुसती किल्ली?” बायको म्हणाली. “अरे, दिवाळीच्या तोंडावर कोणाकडे नुसती किल्ली कोण पाठवतं? किती ऑड दिसतं ते!”

तर किल्ली चिवड्यात गेली. आमच्याकडे, आणि माझ्या माहितीप्रमाणे इथल्या प्रत्येक मराठी घरात, ख्रिसमसला मिळालेले चॉकलेटचे जांभळे डबे असतात आणि वर्षभर त्यात चॉकलेट सोडून बाकी सगळं असतं. बायको कॉर्नफ्लेक्स आणि क्रॅनबेरी घालून चिवडा करते. रेडिंगचे गृहस्थ शनिवारी निघणार होते आणि त्याच शनिवारी मंडळातल्या एक काकू पुण्याला चालल्या होत्या, तेव्हा दुसरा जांभळा डबा माझ्या आईसाठी. पुण्याला चिवडा पाठवणं ही उलटी गंगा आहे हे मी बोलून दाखवलं, पण आईनं मागच्या वर्षी या चिवड्याला ‘वेगळा’ म्हटलं होतं आणि तो विषय अजून मिटला नव्हता. किल्ली फडक्यासकट चिवड्यात खोल पुरली, म्हणजे वाजणार नाही. मी चिठ्ठ्या लिहिल्या, ‘तिब्लिसी’, ‘पुणे’, आणि झाकणांवर चिकटवल्या.

झाकणांवर. मग बायकोनं दोन्ही डबे पुन्हा उघडले, कारण चिवडा खाली बसला होता आणि वर चार चकल्या मावत होत्या. मग कुणीतरी झाकणं लावली. हे कुणीतरी म्हणजे कोण, यावर आमच्या घरात आजतागायत एकमत नाही.

चार दिवसांनी खाणावळवाल्या बाईंचा फोन आला. “दादा, चिवडा लई भारी. पण डबा पार मोकळा केला, किल्ली काय दिसंना.” मी तो फोन ठेवतोय तोवर आईचा आला.

“अरे, चिवड्यात हे काय घातलंयस? काढताना माझा डाव मोडला असता.” मग एकदम आवाज बदलून, “कुठल्या घराची किल्ली आहे? घर घेतलंत का नवीन? आणि मला असं सरप्राइज?”

मी सगळं सांगितलं. आई एका शाळेची मुख्याध्यापिका होती. ती शांतपणे ऐकून म्हणाली, “आधी सांगायचंस. मला वाटलं, किती गंज चढलाय. मी चिंचेत भिजत घातली.”

“आई!”

“ओरडू नकोस. लख्ख झालीय अगदी.”

तीनशे वर्षांचा धूर, तेल, मेणबत्त्यांची काजळी आणि बेबियांच्या सगळ्या पणज्यांच्या हातांचा मळ कोथरूडच्या मोरीतून वाहून गेला होता. चुन्यावरून चिरकणारी बाई चिंचेवर काय म्हणेल? दोन तास मी शेडमध्ये जाऊन उगीच खिळे वेगळे करत बसलो. मग धीर करून शेजारी गेलो आणि सांगून टाकलं. चिंचेचं अर्थात सोडून.

मुलीचा चेहरा पडला. बेबियांनी तिच्याकडून सगळं दोनदा समजून घेतलं. किल्ली हिंदुस्थानात? चिवड्यात? आणि मग त्या हसायला लागल्या. खूप हसल्या. मला हाताला धरून बसवलं, चीज भरलेली गरम खाचापुरी खायला घातली, आणि मुलीला काहीतरी म्हणाल्या.

“आई म्हणते, आता तिला स्वतःच जाऊन गावाची माफी मागावी लागणार,” मुलीनं सांगितलं आणि बेबियांकडे वळून म्हणाली, “आई, तू टेन्शन घेऊ नकोस, किल्ली मिळेल.”

केवढी मोठ्या मनाची बाई, असं मी घरी येऊन म्हणालो. आणि चेव येऊन पुन्हा कामाला लागलो. माझी ही सवय वाईट आहे. एखाद्याला मदत करायला घेतली की मी त्याचं तोंड बघायचं विसरतो.

पुढचं काम आईनंच केलं. लक्ष्मीपूजनाला किल्ली घरातच होती, तेव्हा तिला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, कारण देवळाची वस्तू नुसती कशी ठेवायची. भाऊबीज झाल्यावर तिनं दोन फोन केले. तिच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तिब्लिसीच्या त्याच खाणावळीला काळा मसाला पाठवतात, असं निघालं. त्यांचा दीर पुढच्या मंगळवारी चालला होता. सणाला दहा दिवस असताना किल्ली लातूरच्या बाईंच्या हातात पडली. मी बेबियांना सांगायला गेलो तर त्या बाळाला भरवत होत्या. “छान,” म्हणाल्या. त्या दिवशी खाचापुरी नव्हती.

रविवारी बाई व्हॅन घेऊन गावाकडे निघाल्या. आम्ही सगळे शेजारणीच्या फ्रंट रूममध्ये जमलो. तिनं लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. बेबियांनी चांगला रुमाल बांधला होता आणि बाळाला मांडीवर घट्ट धरलं होतं.

कॉल लागला. आधी व्हॅनचं छत दिसलं, मग बाईंचा कानटोपी घातलेला चेहरा, मग ती टेकडी. तट, बुरूज, सगळं बादलीवरून ऐकलं होतं तसंच. मला खरंच भरून आलं. तटापाशी दहा-पंधरा माणसं उभी होती, आणि पुढे दाढीवाले पाद्रीबुवा. बाईंनी फडकं सोडलं. किल्ली उन्हात अशी चमकली की पाद्रीबुवा एक पाऊल मागे सरले. एका म्हातारीनं ती नाकाशी नेऊन हुंगली, दुसरीनं वरचा कुंकवाचा डाग बोटानं घासून पाहिला. मी बेबियांकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात बाई मराठीत बोलायला लागल्या. “दादा, तुमाला एक इचारू का? ह्या किल्लीचं नेमकं काम काय? मी मगाशीच चर्चात जाऊन हात जोडून आले.”

“आत? आत कशा गेलात?”

“मागनं! मागं हे एवढं दार हाय, ट्रॅक्टर जाईल असलं. कधीकाळी सरकारनं हितं धान्याचं कोठार केलतं म्हणं, तवा भिंत फोडली. तवापासनं समदे तिकडनंच येत्यात-जात्यात. हे पुढचं दार तर गंजून बसलंय, त्याच्या आड फुलांच्या कुंड्या ठेवल्यात.” आणि पुरावा म्हणून त्यांनी फोन मागच्या बाजूला नेला. खरंच, भलं मोठं भगदाड, त्याला प्लायवूडचं दार, दाराला साधी कडी. आतून एक कोंबडी बाहेर आली.

धान्याच्या कोठाराचं ते प्रकरण बेबियांनी मला सांगितलंच नव्हतं.

खोलीत हे फक्त मला आणि बायकोला कळलं होतं. शेजारीण आमच्या तोंडांकडे बघत होती. मी म्हणालो, “रेंज जरा…” बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिला सरळ इंग्रजीत सगळं सांगून टाकलं.

शेजारणीनं आईकडे वळून पाहिलं. बेबिया बाळाच्या मोज्यांकडे बघत होत्या. मग शेजारीण लॅपटॉपजवळ गेली आणि पाद्रीबुवांना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं, थोडं रागानंच. पाद्रीबुवा गोंधळले. ते हळूहळू, हात हलवत बोलायला लागले, मागच्या म्हाताऱ्याही एकदम बोलायला लागल्या. शेजारीण ऐकत राहिली. नेहमी ती वाक्यामागून वाक्य आम्हाला सांगायची, आता सांगेना.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“म्हणतायत, किल्ली कुणी मागितली?” ती म्हणाली. “म्हणतायत, आम्ही रोज फोन करून हिला विचारत होतो, तू कधी येणार. किल्लीचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.”

मला माझी फार लाज वाटली. बेबियांकडे घरी जायला एकच कारण होतं, वीतभर लांबीचं आणि लोखंडाचं, आणि ते मी चिवड्यात घालून पाठवून दिलं होतं. लेकीला गरज असताना, मांडीवर नातू असताना, मला माझ्या घरी जायचंय असं ती बाई कुठल्या तोंडानं म्हणणार होती? हरवलेल्या किल्लीवर ती का हसली होती, ते आता माझ्या डोक्यात शिरलं.

टीव्हीवर म्हाताऱ्या अजून बोलतच होत्या. शेजारणीनं आवाज बंद केला, आईसमोर कार्पेटवर बसली आणि तिला काहीतरी विचारलं. अगदी लहान वाक्य होतं. बेबियांनी आधी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग वर न बघता मान हलवली, आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा चुरगळला.

आम्ही उठलो. दारापाशी बायकोनं शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, “काय विचारलंस गं?”

“घरी जायचंय का, एवढंच,” ती म्हणाली. “पाच महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं.”